उल्हासच्या पाण्यात काय तरंगते, काय बुडते

२६ जुलै २०१९ च्या संध्याकाळी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री बदलापूर आणि वांगणी यांच्यामधल्या चामटोली परिसरात पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदीने पात्र सोडले होते आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी होते. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. मध्य रेल्वेने त्यांना गाडीतून न उतरण्याचे आवाहन केले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी बोटी, नौदलाची पथके, हेलिकॉप्टर आणि आसपासचे गावकरी यांच्या प्रयत्नांतून २७ जुलैच्या दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

अशा पुरात एकच पाणी वेगवेगळ्या वस्तूंशी वेगवेगळे वागते. चाळीस टनांचा रेल्वेचा डबा जागेवर उभा राहतो, नऊशे किलोची मोटार वाहून जाते, भरलेला गॅस सिलिंडर तरंगत घराबाहेर पडतो आणि मुठीएवढी खडी तळाशी बसते. वस्तूचे वजन किती, एवढ्यावरून यातले काहीच उलगडत नाही. त्या वजनाला किती जागा मिळाली आहे, हे पाहावे लागते.

दिलेल्या आकारमानात किती वस्तुमान सामावले आहे, ते म्हणजे घनता. एक लिटर गोड्या पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक किलो असते. एक लिटर पोलादाचे पावणेआठ किलोंहून थोडे अधिक, एक लिटर बेसॉल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे, २.८ ते ३ किलो, तर वाळलेल्या सागाचे सुमारे ६५० ग्रॅम. पोलाद आणि दगड बुडतात, साग तरंगतो. वस्तूची घनता पाण्याहून जास्त असेल तर ती बुडते, कमी असेल तर तरंगते, हा नियम शाळेत सगळेच शिकतात. पण तो का लागू पडतो, हे कळले नाही तर लोखंडी जहाज पाहताच गोंधळ उडतो.

कारण दाबात आहे. पाण्यात जितके खोल जावे तितका वरच्या पाण्याचा भार वाढत जातो. दर मीटरला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन भार वाढतो. बुडालेल्या वस्तूचा तळ तिच्या माथ्यापेक्षा खोल असतो, म्हणून तळावर खालून वर लागणारा दाब माथ्यावरच्या दाबापेक्षा नेहमीच जास्त भरतो. या फरकातून वस्तूला वर ढकलणारे बल तयार होते, त्याला प्लावक बल म्हणतात. ते नेमके किती, हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने सांगितले: वस्तूने जितके पाणी बाजूला सारले, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे. राजाच्या मुकुटाची आणि न्हाणीघरातून धावत सुटण्याची प्रसिद्ध गोष्ट विट्रुव्हियस या रोमन लेखकाने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहिली. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या आर्किमिडीजच्या ग्रंथात ती नाही. तिथे भूमितीच्या शिस्तीने केलेली सिद्धता आहे, आणि खरी थोरवी तिचीच आहे.

या नियमात वस्तू कशाची बनली आहे याचा उल्लेखच नाही. तिने किती जागा व्यापली, एवढेच त्यात मोजले जाते. एक किलो पोलादाचा गोळा जेमतेम सव्वाशे मिलिलिटर पाणी सारतो आणि तळाला जातो. त्याच पोलादाचे पातेले ठोकले तर ते काठ बुडण्याआधी कित्येक लिटर पाणी सारू शकते. पातेल्यातली हवाही त्याच्या आकारमानात धरायची असते. तशी ती धरली की पातेल्याची सरासरी घनता पाण्याच्या खाली येते. ही हवा आत टिकते तोवर पातेले तरंगते. ती निसटून तिची जागा पाण्याने घेतली की उरते फक्त पोलाद.

रेल्वेच्या डब्याला हाच हिशोब लावता येतो. पारंपरिक प्रवासी डबा सुमारे २१ मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद आणि प्रवासी नसताना सुमारे ४० टन वजनाचा असतो. त्याच्या तळाचे क्षेत्रफळ अडुसष्ट चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे डबा पूर्णपणे जलरोधक असता, तर त्याच्या तळापासून वर साठ सेंटिमीटर पाणी चढताच त्याने चाळीस टन पाणी सारले असते आणि तो रुळांवरून उचलला गेला असता. ऐकायला हे विलक्षण वाटते, पण आकडे तसेच आहेत. प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात. डब्याचा तळ रुळांपासून बराच उंच असतो. माणसाच्या छातीएवढे पाणी चढेपर्यंत त्याखाली फक्त चाके आणि सांगाडा भिजतो, आणि भरीव पोलादाला पाण्याचा आधार फार थोडा मिळतो. दुसरे असे की दारे, खिडक्या, दोन डब्यांमधली वाट आणि शौचालये यांतून पाणी सहज आत शिरते. आतबाहेर पाण्याची पातळी सारखी झाली की डब्याने सारलेले पाणी म्हणजे फक्त त्याचे पत्रे, लाकूड आणि आसने यांच्या आकारमानाएवढे. त्यामुळे डबा तरंगण्याची शक्यता जवळपास राहत नाही. गाडीतच थांबण्याचा सल्ला भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य होता. बाहेर कंबरभर वाहत्या पाण्यात उतरलेल्या माणसाला डब्यासारखे जागेवर टिकून राहता येत नाही.

मोटारीची गोष्ट उलट आहे. लहान मोटार सुमारे नऊशे किलोंची, तिचा तळ साधारण सहा चौरस मीटरचा आणि जमिनीपासून वीतभरही उंच नसलेला. दारांना रबरी पट्ट्या असल्याने पाणी आत यायला वेळ लागतो. तळाच्या वर चढणारे दर दहा सेंटिमीटर पाणी मोटारीला सुमारे सहाशे किलोंनी हलके करते. पंधरा सेंटिमीटर चढले की हिशोब पूर्ण होतो, आणि रस्त्यावरचे पाणी त्या वेळी फूटभरच असते. चाकांवर भार न उरल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी ठरतात. गाडी प्रवाह नेईल तिकडे जाते. फूटभर पाणी लहान गाडीला आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या वाहनांना नेऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या हवामान खात्याकडूनही वर्षानुवर्षे दिला जातो. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल, हा पुराच्या रस्त्यावरचा सगळ्यांत घातक तर्क आहे. पुढची गाडी जड असेल, उंच असेल, किंवा ती गेली तेव्हा पाणी चार बोटे कमी असेल.

माणसाचे शरीर तर पाण्याच्या घनतेच्या अगदी काठावर उभे आहे. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू थोडे जड, हाडे बरीच जड. फुप्फुसांतली हवा सगळ्यांत हलकी. छाती भरून श्वास घेतलेल्या माणसाची सरासरी घनता पाण्याहून किंचित कमी होते आणि श्वास सोडल्यावर ती पाण्याच्या बरोबरीला किंवा थोडी वर जाते. घाबरलेला माणूस ओरडतो, म्हणजे श्वास सोडतो. हात पाण्याबाहेर काढून हलवतो, म्हणजे हातांना मिळणारा पाण्याचा आधार गमावतो आणि त्यांचे वजन डोक्यावर आणतो. पाठीवर निजून, कान पाण्यात बुडू देऊन, छाती भरलेली ठेवली तर शांत पाण्यात बहुतेक माणसे तरंगतात. पोहणे शिकवताना सर्वांत आधी तरंगणे शिकवतात ते यासाठीच.

वाहत्या पाण्यात मात्र हे तरंगणेच धोक्याचे होते. साठ किलोंचा माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला की पाणी त्याचा पंचवीस-सत्तावीस किलो भार उचलते. पायांवर उरतो जेमतेम तेहेतीस किलो, आणि तळवे जमिनीला धरून राहतात ते या उरलेल्या भारावर. प्रवाह सेकंदाला दोन मीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जलद असला, तर तो पाय आणि कंबर मिळून पन्नास-साठ किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. निसरड्या जमिनीवर तेहेतीस किलोंच्या पकडीने हा जोर पेलत नाही. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पुराचे पाणी गढूळ असल्याने जड असते आणि म्हणून ओढून नेते, असे अनेकांना वाटते. लिटरमागे वीस ग्रॅम गाळ असला तरी पाण्याची घनता एक-सव्वा टक्काच वाढते. ओढून नेतो तो वेग. गढूळपणाचा खरा तोटा एवढाच की पायाखालचा खड्डा दिसत नाही.

बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्याखालचा डोह आणखी एक गोष्ट शिकवतो. तिथे पोहता येणारी माणसेही बुडाली आहेत आणि पावसाळ्यात प्रशासनाला अशा ठिकाणी जाण्यास मनाई करावी लागते. धबधब्याच्या पायथ्याशी पांढरे फेसाळ पाणी दिसते, ते पाणी आणि हवेचे मिश्रण असते. त्यात दहा टक्के बुडबुडे असले तर त्याची घनता ०.९ पर्यंत घसरते. माणसाची घनता मात्र ०.९८ च्या आसपासच राहते. म्हणजे जो माणूस शांत डोहात सहज तरंगला असता, तो या पांढऱ्या पट्ट्यात दगडासारखा वागतो. हातपाय मारले तरी बुडबुड्यांतून त्यांना पुरेसा रेटा मिळत नाही. त्यात वरून कोसळणारी धार खाली दाबते. इथे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही कौशल्य अपुरे पडते, आणि म्हणूनच ही मनाई झुगारण्यासारखी नाही.

शरीर पाण्याच्या घनतेच्या काठावर असल्यामुळेच त्याला तरंगत ठेवायला फार थोडी मदत पुरते. डोके पाण्याबाहेर राहण्यासाठी बहुतेक प्रौढांना तीन ते साडेपाच किलोंची जास्तीची उचल हवी असते. जीवरक्षक जाकिटातला बंद पेशींचा फोम तेवढी आणि त्याहून अधिक देतो. वीस लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा पाण्याचा कॅन सुमारे एकोणीस किलो उचलतो. दोनशे लिटरचे रिकामे प्लास्टिकचे पिंप तर दोन-तीन माणसांना पुरते, पण ते झाकणबंद आणि गोल फिरणार नाही असे बांधलेले हवे. रबरी बोटीचे तत्त्वही हेच. फरक इतकाच की तिच्यात हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फाटला तरी बाकीचे तिला तारतात.

घरातला गॅस सिलिंडर तरंगतो, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. रिकाम्या सिलिंडरचे पोलाद पंधरा-सोळा किलोंचे, आत १४.२ किलो गॅस. एकूण सुमारे तीस किलो. पण सिलिंडर आतून ३३ लिटरहून थोडा मोठा असतो आणि पोलादाची जाडी धरून तो सुमारे पस्तीस लिटर पाणी सारू शकतो. तीस किलो आणि पस्तीस लिटर, म्हणजे भरलेला सिलिंडरही तरंगतो. रिकामा तर अर्ध्याहून अधिक पाण्याबाहेर राहतो. म्हणून पूर येण्याची चिन्हे दिसताच रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर उंचावर ठेवावा किंवा बांधून टाकावा.

जमिनीत पुरलेल्या टाक्यांनाही हाच नियम लागू होतो. पूररेषेजवळच्या वस्तीत भोवतालची माती पाण्याने भरली की पाच हजार लिटरची रिकामी प्लास्टिकची टाकी खालून पाच टनांनी वर रेटली जाते. वरची माती कमी असेल तर टाकी नळ तोडून वर येते. पावसाळ्यात ती भरलेली ठेवणे हा सोपा उपाय आहे, कारण पाण्याने भरलेल्या टाकीला पाणी उचलू शकत नाही.

बुडणाऱ्या वस्तूंनाही पाणी तितकेच उचलते, हे सहसा ध्यानात येत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. वालधुनी नदीच्या काठचे हे मंदिर काळ्या दगडात घडवले आहे. या दगडाचा एक घनफूट सुमारे ब्याऐंशी किलो भरतो. तोच दगड पाण्यात बुडवून तोलला तर चौपन्न किलो. एक तृतीयांश भार पाण्याने पेलला. डोंगरातून येणारे ओढे मोठाले धोंडे कसे वाहून आणतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे वेगात आहे. रुळांखालची खडीही याच दगडाची असते. एरवी ती आपल्या भाराने रूळ घट्ट धरून ठेवते. पाण्यात बुडताच तिचा भार एक तृतीयांशाने घटतो आणि जोरदार प्रवाह तिला उपसून नेऊ शकतो. पूर ओसरल्यावर रूळ जागेवर दिसले तरी खालची खडी तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, ते याचमुळे.

बदलापूरच्या खाली रायते, कांबा, मोहने या पट्ट्यात उल्हास नदीवर वेगळीच वस्तू तरंगताना दिसते. जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती नव्वद टक्क्यांहून अधिक पाण्याचीच बनलेली असते, तरी ती बुडत नाही. तिच्या पानांचे देठ फुगीर असतात आणि त्यांच्या आत हवेच्या पोकळ्यांची जाळी असते. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि फॉस्फरस तिचे खाद्य. पाण्यावर तिची चादर पसरली की प्रकाश आणि हवा दोन्ही अडतात. औषध फवारून तिला मारणे सोपे वाटते, पण मेलेल्या देठांतली हवा जाते, झाड पाण्याहून जड होऊन तळाशी बसते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. ज्या नदीतून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि कल्याण-डोंबिवलीला पिण्याचे पाणी जाते, तिच्यात हे होऊ देणे परवडणारे नाही. जलपर्णी तरंगते आहे तोवर उपसून काठावर आणणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि मुळात सांडपाणी अडवणे त्याहून महत्त्वाचे.

गणेशविसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी काठाला लागणाऱ्या मूर्तींमागेही घनता आहे. शाडूची मूर्ती म्हणजे वाळलेली चिकणमाती. तिची घनता पाण्याच्या दीडपटीहून अधिक असते. ती सरळ बुडते आणि तिचे कण एकमेकांना रासायनिक बंधाने जोडलेले नसल्याने काही तासांत विरघळल्यासारखी विखुरते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेला जिप्सम. त्यात पाणी मिसळले की त्याचे पुन्हा जिप्समचे स्फटिक होतात आणि ते एकमेकांत गुंतून घट्ट होतात. जिप्समची स्वतःची घनता २.३ आहे, म्हणजे तो बुडायला हवा. पण ओतलेल्या प्लास्टरमध्ये पाणी उडून गेल्यावर असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. शिवाय मोठी मूर्ती आतून पोकळ असते. काथ्याने बळकट केलेले पातळ कवच तेवढे असते. आतली हवा कोंडून राहिली की मूर्ती तरंगते, भक्तांना ती दाबून धरावी लागते, आणि हात सोडताच ती वर येते. हवा निसटून बुडाली तरी ती लवकर संपत नाही. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. पाच किलोंच्या मूर्तीला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल, तेही सतत ढवळत राहिले तर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली: त्या द्रावणात मूर्तीचा जिप्सम बदलतो, खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरता येते.

अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत प्लास्टिकही असेच वरखाली विभागले जाते. पिशव्यांचे पॉलिथिन आणि बाटल्यांच्या झाकणांचे प्लास्टिक पाण्याहून हलके, ०.९ ते ०.९६ घनतेचे, म्हणून ते वर राहते आणि पुलांच्या मोऱ्यांशी अडकते. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लास्टिक १.३८ चे, पीव्हीसीचा नळ त्याच्या आसपासचा. हवा गेली की दोन्ही तळाशी. प्लास्टिकचा पुनर्वापर करणारे कारखाने याच फरकाचा उपयोग करतात. बाटल्यांचा चुरा पाण्याच्या हौदात टाकला की झाकणांचे तुकडे वर येतात, बाटलीचे खाली बसतात आणि दोन्ही वेगळे निघतात. घरी कात्रीने कापलेले दोन तुकडे पाण्याच्या भांड्यात टाकून हे पाहता येते. तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे बोटाने झटकावेत, नाहीतर पेटही तरंगते आणि प्रयोग फसतो.

कल्याणच्या पुढे उल्हास खाडीला मिळते आणि तिथे पाणीच पाण्यावर तरंगते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याची घनता १.०२५ भरते. नदीचे गोडे पाणी हलके, म्हणून भरतीच्या वेळी आत शिरणारे खारे पाणी तळाने येते आणि नदीचे पाणी त्याच्या वरून वाहते. दोन्ही हळूहळू मिसळतात. वाहत आलेली जलपर्णी या खारेपणात तग धरत नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आसऱ्याने आरमार उभारायला सुरुवात केली. गोड्या पाण्यात दोन मीटर खोल बसणारे गलबत खाडीतून समुद्रात उतरले की सुमारे पाच सेंटिमीटर वर येते, कारण तेवढेच वजन पेलायला खारे पाणी कमी सारावे लागते. उलट, समुद्रात काठोकाठ भरलेले गलबत नदीत शिरताना तितकेच खाली बसते. आजच्या मालवाहू जहाजांच्या कुशीवर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी भाराच्या वेगवेगळ्या रेषा रंगवलेल्या असतात, त्या याच अडीच टक्क्यांच्या फरकापोटी.